साखळी-यंत्रे व झाडोऱ्याची जमीनसफाई

झाडेझुडपे, खुंट किंवा खोल मुळांची गवते यांनी व्यापलेली जमीन लागवडीखाली आणण्यासाठी अखंड साखळीवर अथवा रबरी पट्ट्यावर चालणारी जी यंत्रे वापरली जातात, त्यांस येथे साखळी-यंत्रे म्हटले आहे. साखळीचा ट्रॅक्टर, त्याला पुढे पाते जोडून होणारा बुलडोझर, साखळीवरील खोदयंत्र आणि रबरी पट्ट्यांवर चालणारे छोटे भारकयंत्र हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. मराठी ग्रामीण व्यवहारात पहिल्या दोहोंना ‘चेनचा ट्रॅक्टर’ व ‘चेन डोझर’ म्हणतात. खोदयंत्राला ‘पोकलेन’ हे नाव पोक्लँ या फ्रेंच कंपनीवरून पडले, तर चाकांवर चालणाऱ्या व पुढे भारक आणि मागे खोदबाहू असलेल्या यंत्राला, ते कोणाही कारखान्याचे असो, ‘जेसीबी’ म्हणण्याचा प्रघात आहे. भारतात या यंत्रांचा आरंभ नव्या यंत्रांनी नव्हे, तर दुसऱ्याने वापरून टाकलेल्या यंत्रांनी झाला. आजही तालुक्याच्या गावी उभे असलेले यंत्र बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाचे असते. त्यामुळे ‘जुने यंत्र कोणते घ्यावे व केवढे घ्यावे’ हा प्रश्न या इतिहासाच्या मध्यभागी आहे.

साखळीचा उगम रुतणाऱ्या भुईत झाला. अमेरिकेच्या मेन राज्यातील ॲल्विन लोंबार्ड याने बर्फाळ वनांतून लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या गाडीला साखळी बसविली व १९०१ मध्ये तिचे एकस्व मिळविले. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील बेंजामिन होल्ट याने नदीमुखाच्या दलदलीच्या शेतांसाठी आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरची मागील चाके काढून त्या जागी साखळ्या बसविल्या. त्याची चाचणी २४ नोव्हेंबर १९०४ रोजी झाली. होल्ट व त्याचा प्रतिस्पर्धी बेस्ट यांच्या कंपन्या १९२५ मध्ये एकत्र येऊन कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. तत्त्व साधे आहे. यंत्राचे वजन चाकाच्या तळहाताएवढ्या टेकूऐवजी लांबरुंद पट्ट्यावर विभागले जाते. सु. २० टन वजनाचा साखळीचा बुलडोझर जमिनीच्या दर चौ. सेंमी.वर सु. ०·७ किग्रॅ.च्या आसपास भार टाकतो. सात-आठ टनांचे चाकांचे यंत्र टायरखाली त्याहून पुष्कळ अधिक दाब देते. रबरी पट्ट्यांच्या चार-पाच टनी भारकयंत्राचा दाब तर ०·३ ते ०·४ किग्रॅ.एवढाच असतो. ओल्या काळ्या जमिनीत कोणते यंत्र चालेल व कोणते रुतेल, हे या आकड्यांवरून ठरते.

यंत्रापूर्वीची सफाई कशी होत असे, हे मराठवाड्यातील भारी काळ्या जमिनींच्या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरेल. येथे शेतकऱ्याचे खरे वैरी मोठे वृक्ष नव्हते, तर कुंदा, हरळी व लव्हाळा ही होती. कुंद्याची मुळे काळ्या मातीत इतकी खोल जातात, की वरवरच्या वखरणीने ते गवत उलट अधिक फोफावते. कुंदा खणून काढणे हे उन्हाळ्यातील अत्यंत कष्टाचे काम होते. कुदळ व पहार यांनी ढेकळे उलथून मुळ्या वेचाव्या लागत, किंवा सहा-आठ बैल जुंपलेला जड नांगर चालवावा लागे. ज्याच्याकडे तेवढे बैल नाहीत त्याने शेजाऱ्याशी सावड करावी, नाही तर कुंद्याला शेत सोडून द्यावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभी आला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीमुळे प्रथम त्याला गिऱ्हाईक मिळेना, पण पुढे खोल नांगरट करणारे साधन म्हणून त्याने दख्खनमध्ये जम बसविला. तरीही बैलांच्या ओढीची मर्यादा कायम राहिली. तेलगाव (ता. धारूर, जि. बीड) व आसपासचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण कुंदा काढण्याची रीत बराच काळ तीच राहिली.

मध्यंतरी उत्तरेकडे एक मोठा प्रयोग घडत होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची रस्ते व धावपट्ट्या बांधणारी अवजड यंत्रे भारतात उरली होती. फाळणीनंतरची अन्नटंचाई व निर्वासितांचे पुनर्वसन हे दोन प्रश्न एकाच वेळी समोर असल्यामुळे भारत सरकारने या यंत्रांतील सु. २०० साखळीचे ट्रॅक्टर घेऊन १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. तिचे मुख्य काम कांस या गवताने गिळलेली मध्य भारतातील जमीन मोकळी करण्याचे होते. त्याच्या जोडीला उत्तर प्रदेशातील तराईच्या जंगलपट्टीतील सफाईही होती. त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्यात विदर्भाचे जिल्हे समाविष्ट होते व त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या मोहिमेचा कारभार मराठी वाचकाला वाटतो तेवढा परका नव्हता.

कांसाची मुळे कुंद्याप्रमाणेच खोल असतात. भर उन्हाळ्यात सु. ३० सेंमी. वा त्याहून खोल नांगरून मुळ्या उन्हात वाळविल्या तरच ते मरते. म्हणजे रब्बीची कापणी झाल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे काही महिने एवढीच मुदत हाती असते. या मुदतीत यंत्र पंधरा दिवस बंद पडले, तर नुकसान पंधरा दिवसांचे न राहता राहिलेल्या शेताच्या पुऱ्या वर्षाचे होते. अर्धवट नांगरलेले कांस पावसात पुन्हा माजते. युद्धात झिजलेल्या यंत्रांची खरी किंमत खरेदीच्या पावतीवर नसते, ती या मुदतीत कळते. मोहिमेसाठी नवे अवजड ट्रॅक्टर घेण्याकरिता भारताने जागतिक बँकेकडून सप्टेंबर १९४९ मध्ये १ कोटी डॉलरचे कर्ज घेतले. रेल्वेसाठी घेतलेल्या कर्जानंतरचे भारताचे हे बँकेकडील दुसरेच कर्ज होय. धरणे, पोलाद, वीज यांच्या आधी स्वतंत्र भारताने गवताची मुळे उपटण्यासाठी परदेशी कर्ज काढले, ही गोष्ट नियोजनाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

पुढील टप्पा स्वदेशी निर्मितीचा. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपनीने जपानच्या कोमात्सू कंपनीच्या सहकार्याने साखळीचे बुलडोझर बनविण्यास प्रारंभ केला. धरणांच्या कामांवर ही यंत्रे मोठ्या प्रमाणात खपली. कामे संपली, की लिलावात निघालेली यंत्रे खाजगी ठेकेदारांकडे व त्यांच्याकडून शेतीच्या सपाटीकरणाकडे येत. धरणावर माती लोटलेला डोझर पुढे त्याच धरणाच्या लाभक्षेत्रात शेते सपाट करू लागे, असा हा प्रवाह होता.

मराठवाड्यात मात्र यंत्राला एका वेगळ्याच मर्यादेस तोंड द्यावे लागले. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक बंडिंग, पाझर तलाव व खडी फोडण्याच्या कामांवर आले. त्या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी अधिनियम १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर जावा, हे त्या योजनेचे सूत्र होते. ज्या कामात डोझरने एका दिवसात होणारी माती शंभर हात आठवडाभर उचलतात, त्या कामात डोझर न आणणे हाच येथे हेतू होता. हे धोरण अडाणी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बीड जिल्ह्यात ज्या घरात कोरडवाहू जमीन आणि हात याखेरीज काहीच नव्हते, तेथे माती उचलण्याचे काम हेच अन्न होते. पण त्याचबरोबर जे काम हातांना झेपत नाही, ते अडून राहिले, हेही खरे आहे. खुंटांची व खोल मुळांची सफाई हे त्यांपैकी एक.

तेलगावची भूमी या साऱ्या प्रश्नांना एकत्र आणते. हे गाव बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता यांच्या मिलाफावर आहे. उत्तरेस सिंदफणा व गोदावरी यांच्या खोऱ्यातील काळी, खोल जमीन आहे. दक्षिणेस धारूरच्या वाटेवर बालाघाटाचा चढ सुरू होतो व माती पातळ होऊन मुरूम व काळा पाषाण वर येतो. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगाव येथे धरण झाले (१९८७). त्याच्या कालव्यांनी गोदावरीच्या दक्षिणेकडील पट्ट्यात ऊस आणला, व तेलगावी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाटपाण्यासाठी शेत सपाट लागते. बांधावरची बाभूळ व हिवर, नाल्याकाठची बोरी आणि पडीक तुकड्यांतील वेडी बाभूळ यांची अडचण पहिल्यांदा खऱ्या अर्थाने भासली ती पाणी आल्यानंतर.

वेड्या बाभळीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण यंत्रनिवडीचा निम्मा प्रश्न तिच्यापाशी सुटतो वा अडतो. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती जळण व ओसाड जमिनीचे आच्छादन म्हणून भारतात लावण्यात आली. शेळ्या तिच्या शेंगा खातात व बी लेंड्यांतून दूरवर पसरते. वरून तोडली, की जमिनीलगतच्या बुडख्यातून अनेक फुटवे येतात, म्हणजे कुऱ्हाडीने तिची संख्या वाढते. बुडखा सु. ३० सेंमी. खोलीपर्यंत मुळासकट उपटला तरच ती मरते. तिचे काटे ट्रॅक्टरचे टायर सहज भेदतात. ज्याने अशा रानात चाकांचा ट्रॅक्टर घातला आहे, त्याला साखळीचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही.

दुसरी बाब मजुरांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. गळीत हंगाम संपून ते परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. जमीनसफाईस योग्य असलेल्या कोरड्या काळाचा पूर्वार्ध अशा रीतीने गावात हात नसतानाच निघून जातो. यंत्राने येथे मजुराला हटविले असे सरसकट म्हणता येत नाही. बऱ्याच अंशी ते रिकाम्या झालेल्या गावात आले. मात्र उन्हाळ्यात परतलेल्या माणसाला गावी मिळू शकणारे खणण्याचे व बांध घालण्याचे काम त्याच यंत्राने संपविलेले असते, ही तक्रारही तितकीच खरी आहे. शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानात (२०१४–१९) नाला खोलीकरणाची कामे प्रामुख्याने यंत्रांनी झाली. रोजगार हमीच्या काळातील सूत्र तेथे उलटे फिरले.

चाकांच्या जेसीबीचे राज्य या काळातच दृढ झाले. एस्कॉर्ट्‌स व ब्रिटिश जेसीबी यांचा संयुक्त उद्योग १९७९ मध्ये हरियाणातील बल्लभगढ येथे सुरू झाला. पुढे त्याचा एक कारखाना पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथे निघाला (तेलगावशी असलेल्या नामसाधर्म्यामुळे घोटाळा होऊ नये). हे यंत्र रस्त्यावरून स्वतः चालत जाते, त्याचे चालक व मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतात व ते तासाच्या भाड्याने चालते. या तीन गुणांपुढे साखळीचे यंत्र फिके पडले. साखळीच्या यंत्राला डांबरी रस्त्यावर चालण्याची मुभा नाही. ते ट्रेलरवर न्यावे लागते, व एका एकराच्या कामासाठी ट्रेलरचे भाडे परवडत नाही.

छोटे भारकयंत्र हे या वंशातील सर्वांत धाकटे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी १९५७ मध्ये टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातील घाण काढण्यासाठी जागच्या जागी वळणारे तीन चाकी यंत्र बनविले. त्यातून मेलरो कंपनीचे ‘बॉबकॅट’ निपजले. चाकांऐवजी रबरी पट्टे असलेले त्याचे रूप १९८६ मध्ये जपानच्या ताकेउची कंपनीने बाजारात आणले. पाश्चात्त्य देशांत झाडीच्या खाजगी जमिनींवर आता ते सर्रास वापरले जाते. भारतात चाकांचे बॉबकॅट शहरी बांधकामांवर दिसते, पट्ट्यांचे क्वचित. मराठवाड्यातील ठेकेदाराने असे जुने यंत्र घ्यायचे झाल्यास मोठे घ्यावे की लहान, हा प्रश्न म्हणूनच केवळ आकाराचा नाही.

मोठ्या यंत्राच्या बाजूने पहिला मुद्दा द्रवदाबाचा आहे. झुडपे जागीच चिरडून भुसा करणारे फिरते दातेरी अवजार जोडायचे, तर तेलाचा प्रवाह मिनिटास सु. ११० ते १५० लिटर लागतो. लहान यंत्राचा पंप ७०–९० लिटरवर थांबतो. कमी प्रवाहावर ते अवजार चालते, पण मनगटाएवढ्या बुंध्यात अडकते, तेल तापते व पंप जातो. एंजिनही ७५ अश्वशक्तीहून कमी असून भागत नाही. दुसरा मुद्दा वजनाचा. खुंट ढकलताना यंत्राची ताकद शेवटी त्याच्या वजनाएवढीच असते. हलके यंत्र खुंटाऐवजी स्वतःच मागे सरकते. तरीही जाड बुंध्याचा खुंट ढकलण्यासाठी भारकयंत्र, मोठे असले तरी, योग्य साधन नव्हे. त्यासाठी खोदबाहूने भोवतालची मुळे तोडून बुडखा उचलणे हेच योग्य, व ते काम भाड्याच्या जेसीबीने अधिक स्वस्त होते. जो केवळ खुंटांसाठी मोठे भारकयंत्र घेतो, तो चुकीच्या कारणासाठी बरोबर यंत्र घेतो.

आता जमीन. सिंदफणेकडील काळ्या रानात रबरी पट्टे उत्तम चालतात. पण दक्षिणेकडे बालाघाटाच्या मुरमाड उतारावर तीक्ष्ण पाषाणात तेच पट्टे चिरतात व वळताना निसटतात. तेथे पोलादी साखळी टिकते. तेलगावातून दोन्ही दिशांना कामे घेणाऱ्या ठेकेदाराने यांतील अधिक तास कोणत्या बाजूला जातील हे आधी ठरवावे. दोन्हीकडे सारखेच चालणारे यंत्र नाही.

जुन्या यंत्राची परीक्षा खालून वर करावी, असा अनुभवी मिस्त्र्यांचा दंडक आहे. साखळी-यंत्राच्या दुरुस्तीखर्चाचा सु. निम्मा भाग साखळी, रोलर, पुढील आयडलर व दातेरी चाक यांवर जातो, आणि विक्रेता रंग वरच्या भागाला देतो. दातेरी चाकाचे दात टोकदार होऊन एका बाजूस वाकले असतील, तर नवी साखळी बसवूनही ती लवकर झिजते. रोलरपाशी तेलाचे ओघळ म्हणजे आतील सील गेल्याची खूण. पट्ट्याच्या रबराखालील पोलादी तारा उघड्या पडल्या असल्यास पट्ट्याची किंमत यंत्राच्या किमतीतून वजा करूनच बोलणी करावी. तासमापकावर विश्वास ठेवण्यापूर्वी पेडल, हातकांड्या व बाहूंच्या पिना पाहाव्यात: दोन हजार तास दाखविणाऱ्या यंत्राच्या पिना ढिल्या व पेडलचे रबर गुळगुळीत असेल, तर खोटे बोलणारा तासमापक आहे. यंत्र थंड असताना सुरू करून पाहावे, मग अर्धा तास भाराखाली चालवून तेल तापल्यावर बाहू उचलून धरावेत. गरम तेलात बाहू हळूहळू खाली येत असतील, तर सिलिंडरची सीले किंवा झडपा गेल्या आहेत. सकाळी तोऱ्यात चालणारे व दुपारी मंदावणारे यंत्र म्हणजे थकलेला पंप होय. झाडीत काम केलेल्या यंत्राची रेडिएटरची जाळी व एंजिनखालचे कप्पे अवश्य उघडून पाहावेत. तेथे साठलेला सुका पाला गरम नळीपाशी पेट घेतो, व अशी यंत्रे जळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

यानंतर हिशेब. बीड जिल्ह्यात सफाईचा काळ फेब्रुवारीपासून मृगापर्यंत धरला व दिवसाचे आठ तास मानले, तर शंभर दिवसांचे आठशे तास होतात. वर्षाची सारी कमाई या तासांत आहे. जो सुटा भाग बीड वा छत्रपती संभाजीनगर येथे दुसऱ्या दिवशी मिळतो, त्याच्यामुळे सोळा तास बुडतात. जो परदेशातून यायला पाच आठवडे लागतात, त्याने हंगामाचा तिसरा हिस्सा जातो. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेसमोर कांसाच्या रानात जो प्रश्न होता, तोच हा, एका ठेकेदाराच्या पातळीवर. म्हणून दुर्मिळ जातीचे मोठे, उत्तम स्थितीतील यंत्र आणि परिचित जातीचे, किंचित अधिक झिजलेले यंत्र यांत निवड करायची झाली, तर दुसरे घेणे शहाणपणाचे. फक्त त्याची खालची साखळी चांगली असावी.

यंत्र कोठे घालू नये, हेही निवडीतच येते. बीड हा महाराष्ट्रातील अत्यल्प वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. झाडतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या राज्य अधिनियमानुसार आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन इ. झाडे खाजगी मालकीच्या जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वनजमिनीला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू आहे, व गायरान हे कोणा एकाचे नसते. धारूर व बालाघाटाच्या उतारांवर सीताफळाची झुडपे रानोमाळ वाढतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. डोझरच्या सपाट पात्याला सीताफळ व वेडी बाभूळ यांतला फरक कळत नाही. शिवाय ते पाते उतारावरची वीतभर माती खुंटांबरोबर लोटून बांधाला नेऊन टाकते, आणि मागे उघडा मुरूम राहतो. त्याऐवजी लांब दात्यांचा पंजा लावल्यास मुळे वर येतात व माती दात्यांमधून गळून जागीच राहते. लहान भारकयंत्राचा लाभ येथे दिसतो: सु. दोन मी. रुंदीचे यंत्र सीताफळाच्या दोन झुडपांमधून जाऊन एकच काटेरी बुडखा काढू शकते.

एकदा साफ केलेल्या रानात पहिल्या पावसानंतर जमिनीत उरलेले वेड्या बाभळीचे बी उगवते. रोपे करंगळीएवढी असताना, श्रावणातील ओल्या भुईत ती हाताने उपटता येतात. या कामाला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि ऊसतोडीला गेलेली माणसे त्या वेळी गावातच असतात.